चीफची कापलेली पुस्तकं

मला ज्या माणसानं वाचायला लावलं, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते पुस्तक कापताना.

सिंगापूरच्या हौगांग भागात एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमची मराठी मंडळी रविवारी दुपारी जमते. त्या दिवशी उपासना संपून चहा चालला होता. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका बाईंनी नवंकोरं, जाडजूड पुस्तक एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात ठेवलं. "चीफ, खास तुमच्यासाठी हं. बाइंडिंग बघा किती सुंदर आहे." म्हाताऱ्यानं पुस्तक उलटंसुलटं केलं, कण्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला. मग पँटच्या खिशातून चाकू काढला, पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि कणा वरपासून खालपर्यंत सर्रकन चिरला.

बाईंचा कप ओठाशीच राहिला. "अहो! हे काय!"

"बाइंडिंग सुंदर होतं," म्हातारा म्हणाला. "आता पुस्तक बघू."

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मी कुठेही गेले तरी दाराजवळ बसते, म्हणजे काही झालं तर उठता येतं. काय होणार असतं ते विचारू नका, मलाही ठाऊक नसतं. गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा जाऊन बघते, लिफ्टचं दार लागायच्या आधीच हात आत ओढून घेते, फोन वाजला की आधी नाव दोनदा वाचते आणि मग तो उचलते. चाकू पाहून मी पर्स जवळ घेतली. मनात म्हटलं, पुढच्या रविवारपासून येऊ नये.

टॅम्पिनीसला मी एका मराठी घरात कामाला आहे. ताई बँकेत जातात, साहेब एका कंपनीत हिशेबाचं बघतात. त्यांची छोटी मुलगी मला मावशी म्हणते आणि बाकी सगळं इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत बोलते. घर चांगलं आहे. रविवारी ताई स्वतः म्हणतात, "निघ तू, भांडी राहू दे, मी बघते." अशा घरात माणूस हळू चालतो, हळू बोलतो, आपलं सामान बाहेर दिसू देत नाही. त्यांच्या देवघरात समई लागते, मी ख्रिस्ती. त्यांनी त्यावरून कधी एक शब्द काढला नाही. तरी माझं पवित्र शास्त्र मी उशीच्या अभ्र्यात ठेवायचे.

शिक्षण आठवी. आमच्या राहुरीकडच्या वाडीतली शाळा तिथवरच होती, पुढची लांब, आणि वडील म्हणाले बास. इथे घरकामाला यायला आठवी चालते, म्हणून मी आले. नवरा गेला तेव्हा मुलगी लहान होती. ती श्रीरामपूरला माझ्या बहिणीकडे राहते. मी चीफना भेटले त्या वर्षी ती नववीत गेली, आणि तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला. पण ते नंतर.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मंडळीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. मी काका म्हणायचे. मूळचे नगरचे, आमच्याकडचेच. बायको इथल्याच दफनभूमीत, मूलबाळ नाही. हौगांगच्या एका उंच ब्लॉकमध्ये त्यांचा फ्लॅट होता. बुटके, रुंद, आणि जन्म सगळा इंजिनाच्या धडधडाटात गेल्यामुळे कानानं अधू. त्यामुळे झालं होतं असं, की ते कुजबुजले तरी हॉलभर ऐकू यायचं आणि त्यांना वाटायचं आपण मनात बोलतोय. उपासनेत मूक प्रार्थनेला सगळे माना खाली घालून बसले की चीफ सुरू व्हायचे. "प्रभू, आज संदेश फार लांबला. पण पाळकसाहेब मनानं चांगले आहेत, त्यांना तूच आवर." पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच असायचे. कान मात्र लाल व्हायचे.

पुस्तकं कापण्यामागची गोष्ट मला त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगितली. जहाजावर इंजिनरूममध्ये जाड पुस्तक नेता येत नाही. हात तेलाचे, ठेवायला जागा नाही, आणि केबिनमध्ये ठेवलं तर तिथे पोचेपर्यंत डोळे मिटतात. मग ते पुस्तक फर्म्याफर्म्यानं सोडवायला लागले. फर्मा म्हणजे पुस्तकात एकत्र शिवलेली पानांची एक घडी. अशा घड्या एकीवर एक ठेवूनच पुस्तक होतं. कणा चिरला की एकेक फर्मा सुटा होतो, आणि तो कामावर घालायच्या बॉयलर सूटच्या खिशात बरोबर बसतो. रद्द झालेले समुद्राचे नकाशे कापून ते प्रत्येक फर्म्याला कव्हर घालत. माझ्या हातात पहिला फर्मा आला त्याच्यावर निळसर समुद्र होता आणि खोलीचे आकडे.

"अख्खं पुस्तक कपाटात राहतं," ते म्हणायचे. "खिशात राहायला पाहिजे."

पवित्र शास्त्राला मात्र चाकू लावत नसत. कुणीतरी चेष्टेनं विचारलंच, "काय चीफ, ते नाही कापत?" तर म्हणाले, "त्याचा चाकू आपल्यावर चालायचा असतो. उलटं नाही."

मला त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुझा खिसा केवढा आहे?"

मी दचकले. "खिसा नाही काका. पंजाबी ड्रेसला खिसा कुठला?"

"बायकांच्या कपड्यांना खिसे का नाहीत, याचा जाब शिंप्यांना न्यायाच्या दिवशी द्यावा लागणार आहे," ते म्हणाले आणि खरंच रागावले, जणू मीच शिंपी. "एप्रन घालतेस ना कामाला? त्याला आतून शिव एक. मग ये."

मी शिवला. वाचायची हौस म्हणून नाही हो. ओरडतील म्हणून.

तो फर्मा एप्रनच्या आतल्या खिशात घेऊन मी टॅम्पिनीसच्या स्वयंपाकघरात फिरू लागले. कुकरच्या शिट्या होईपर्यंत अर्धं पान. कणीक मळून झाकून ठेवली की अर्धं. ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला वाचता येत नसे, अजूनही नीट येत नाही. ताईंची मुलगी फ्रिजमधला ज्यूस घ्यायला आली की उभी राहून बघायची. "मावशी, सो स्लो लाह!" मी फर्मा झटकन आत सरकवायचे. एकदा ताईंनीच पाहिलं. त्या म्हणाल्या, "काय वाचतेस? प्रार्थनेबद्दल आहे? माझी आजी पोथी अशीच वाचायची, बोट धरून." आणि चष्मा शोधत बाहेर गेल्या. त्या दिवशी मी शास्त्र अभ्र्यातून काढून उशाशी ठेवलं.

पाळकसाहेबांना चीफचा हा उद्योग फारसा पसंत नव्हता. ते म्हणायचे, "चीफ, शास्त्र हातात असताना माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची गरज काय? मूळ झरा सोडून हौदाचं पाणी कशाला?"

चीफ बसून उत्तर देत नसत. ते मुळात बसतच नसत. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत म्हणाले, "पाळकसाहेब, मी नव्या जहाजावर चार्ज घ्यायचो तेव्हा इंजिन समोरच असायचं. तरी आधीच्या चीफनं लिहून ठेवलेल्या नोंदी मी आधी वाचायचो. कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठल्या पाइपनं कुणाचा हात भाजला, ते इंजिनावर लिहिलेलं नसतं. देवाच्या मागे चालणारी माणसं आपल्याआधी होऊन गेली. त्यांचे हात कुठे भाजले ते त्यांनी लिहून ठेवलंय. ते न वाचता मी माझा हात घालू?"

"पण चुका असतात त्यांत."

"असतात की. त्याही वाचायच्या."

पाळकसाहेब हसले, पण पुढच्या रविवारी त्यांनीही एक फर्मा मागून नेला. झब्ब्याच्या खिशातून.

चीफच्या घरी दुपारी चहाला जायचं म्हणजे चालायची तयारी ठेवावी लागे. साखर घातलेला चहा मिळत नसे, बिस्किटं कोरडी, आणि खुर्च्यांवर फर्म्यांचे गठ्ठे, त्यामुळे बसायचा प्रश्नच नाही. चहा पिऊन झाला की ते बाहेरच्या लांब गॅलरीत वाचत फेऱ्या मारायचे आणि आपण मागे. एका बाजूला लोकांची दारं, चपलांची कपाटं, तुळशीसारख्या रोपांच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला कठडा आणि काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. शेजारची चिनी आजी दारात भाजी निवडत बसलेली असे. "अंकल, लूक वेअर यू गो लाह!" चीफ तिला सलाम करून तसेच पुढे.

जमिनीवरचं आयुष्य त्यांना मानवलं नव्हतं. एकदा बोलता बोलता त्यांनी फ्रिजवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "जहाजावर सगळं थरथरत असतं. थरथर थांबली की समजायचं बिघाड आहे. या बिल्डिंगमध्ये काहीच थरथरत नाही. एवढा हा फ्रिज तेवढा."

मला ते एकदम आपले वाटले. मी तर सगळीच थरथर. माझ्यावर कुणी हात ठेवला असता तर त्याला जहाजावर असल्यासारखं वाटलं असतं.

फर्मा परत करायला गेलं की ते 'काय समजलं' असं विचारत नसत. विचारायचे, "कुठे अडलीस?" सुरुवातीला मी म्हणाले, "कुठे नाही काका, सगळं वाचलं." त्यांनी तोच फर्मा परत माझ्या हातात दिला. "अडली नाहीस म्हणजे वाचलं नाहीस. वारा पान उलटतो तसं उलटलंस." मग मी अडायला शिकले. एका ठिकाणी लिहिलं होतं की भीतीनं केलेली प्रार्थना देव नाकारत नाही, पण तो माणसाला तिथेच ठेवून घेत नाही. मी तिथे आठवडाभर अडले. कारण माझी प्रार्थना म्हणजे काय होती? पोरीला काही होऊ देऊ नको, बहिणीला काही होऊ देऊ नको, मला कामावरून काढू देऊ नको. भाजी चिरता चिरता, एका दमात, न चुकता, कारण चुकलं तर काहीतरी होईल. मी देवाला पहाऱ्यावर बसवून ठेवलं होतं आणि वर तो झोपला तर नाही ना म्हणून हलवून बघत होते. हे मला शास्त्र वाचून कळायला हवं होतं कदाचित. पण मला कळलं ते एका जुन्या, विसरलेल्या, खेड्यात राहिलेल्या मराठी उपदेशकाच्या पुस्तकातून. त्यानं स्वतःबद्दल तसंच लिहिलं होतं. मला वाटायचं मी एकटीच तशी आहे.

त्याच पुस्तकाच्या मध्यावर मी होते तेव्हा माझ्या मुलीनं शाळा सोडायची म्हणून सांगितलं.

व्हिडिओवर सांगितलं, तोंडात शेंगदाणे चघळत. "मी नाही जाणार आता."

"का गं? कोणी काही बोललं का?"

"कोणी नाही. तू आठवी शिकून विमानात बसलीस. माझी नववी होतच आली. तुझ्यापेक्षा जास्तच झाली की."

जे सुचलं ते मी भराभर बोलले. ओरडले, रडले, शपथ घातली. तिनं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. फोन उचलायची, नाही असं नाही. पण फोन फळीवर टेकवून ठेवायची आणि मला दिसायचा फक्त वरचा पंखा. मी पंख्याशी बोलायचे. "जेवलीस का? शाळेत गेलीस का? मावशीला त्रास देत नाहीस ना? अगं बोल ना." पंखा गरगर. मग मावशी, म्हणजे माझी बहीण, यायची. "जाऊ दे गं, वय आहे. आज पण नाही गेली शाळेत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, परीक्षा तेवढी दे, मग सुट्टीत विचार कर."

मला झोप लागेना, अन्न जाईना. ताई म्हणाल्या, "बरं नाही का तुला?" मी म्हटलं, बरंय. आणि त्याच दिवसांत माझ्या हातातला फर्मा संपला. शेवटच्या पानाची शेवटची ओळ होती, 'देव गप्प असतो तेव्हा', आणि पान खलास. फर्मा काही वाक्य बघून कापलेला नसतो. जिथे घडी संपते तिथे संपतो.

देव गप्प असतो तेव्हा काय?

मी रविवारी धावतच गेले. "काका, पुढचा फर्मा द्या."

त्यांनी गठ्ठे चाळले, खुर्च्या हलवल्या, पलंगाखाली पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "तो समुद्रावर आहे."

त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेला एक मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, श्रीवर्धनकडचा, तो फर्मा घेऊन बोटीवर गेला होता. बोट होती आखाताकडे. दुसरी प्रत नव्हती. ज्या छापखान्यानं पुस्तक छापलं तो कधीच बंद झाला होता.

"मग तुम्ही सांगा ना पुढे काय आहे. तुम्ही वाचलंय."

"वाचलंय. पण मी तिथे अडलो नव्हतो. जिथे अडलो तेवढंच मला आठवतं."

"असं कसं काका? थोडंसं तरी?"

"अंदाजानं सांगू? त्यापेक्षा गप्प बसतो."

मला त्यांचा इतका राग आला की बिस्किट न खाताच निघाले. पुस्तकं कापायची, वाटायची, आणि लोकांना अर्ध्यावर टांगून ठेवायचं! ही कसली सेवा? मंडळीत चहाच्या वेळी मी धीर करून सगळ्यांना विचारलं. वाक्य सांगितलं, पुढे काय असेल म्हटलं. पाळकसाहेब म्हणाले, "तेव्हा तो आपली परीक्षा घेत असतो." एक तरुण मुलगा म्हणाला, "तो गप्प नसतोच, आपल्याला ऐकू येत नसतं." बाइंडिंगवाल्या बाई म्हणाल्या, "तेव्हा आपलं काहीतरी पाप आडवं आलेलं असतं." त्या सहज म्हणाल्या. पण ते माझ्या काळजात जाऊन बसलं. पोरीच्या न बोलण्यामागे माझंच काहीतरी आहे, पोर टाकून आले, त्याची शिक्षा. चीफ त्यांच्या मते मनात म्हणाले, "सगळे पुस्तक न उघडता पेपर लिहिताहेत." हॉल हसला. मी नाही.

मग चीफ रोज मेसेज करून त्या मोटरमनच्या मागे लागले. मला त्याचा पत्ता रविवारीच लागायचा. बोट आखातातून निघाली. बोट लंकेच्या पुढे आली. सिंगापूरला तेल भरायला थांबणार. काही तासांची सुट्टी मिळेल, कदाचित मिळणार नाही. मी सगळा आठवडा स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन यायचे, जसं काही टॅम्पिनीसवरून समुद्र दिसणार होता. पंख्याला विचारायचे, शाळेत गेलीस का. परीक्षा जवळ आली होती.

नशीब माझं की बोट रविवारीच लागली. हार्बरफ्रंटला मॉलच्या बाहेर, फेरीबोटींकडे जायच्या रस्त्यावर आम्ही उभे होतो. मोटरमन आला, हातात चॉकलेटच्या पिशव्या, डोक्याला टोपी. चीफना वाकून नमस्कार केला. मला म्हणाला, "मी ख्रिस्ती नाही हं ताई. चीफसाहेब देतात म्हणून वाचतो. पण चांगलंय." आणि शर्टाच्या खिशातून फर्मा काढला.

मी हात पुढे केला. चीफनी मध्येच तो घेतला.

"कुठे अडलास?"

"साहेब, लाँच परत जायचीय माझी."

"जाईल. कुठे अडलास?"

तो डोकं खाजवत पानं उलटू लागला. तेलाचे अंगठे उमटलेली पानं. हा दाखवतोय, ते विचारताहेत, फेरीबोटींचे भोंगे वाजताहेत, माणसं बॅगा ओढत आमच्यामधून जाताहेत, आणि मी तिथे चपलेतून पाय काढतेय, घालतेय. शेवटी मी ओरडले, "काका, द्या ना!" सिंगापूरला आल्यापासून मी रस्त्यावर इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. एक पोलीसही वळून बघून गेला. चीफनी फर्मा माझ्या हातावर ठेवला.

मी कठड्याला टेकून पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीखाली बोट धरलं.

त्यात परीक्षा नव्हती, पाप नव्हतं. देव काय करतो ते त्या उपदेशकानं सांगितलंच नव्हतं. देव गप्प असतो तेव्हा काय करावं हे मला आजतागायत ठाऊक नाही, असं त्यानं सरळ लिहिलं होतं. मी काय केलं तेवढं सांगतो, म्हणाला. त्याची बायको वारली होती आणि वर्षभर त्याला प्रार्थनेत काही जाणवत नव्हतं. मग त्यानं मागणं आणि विचारणं दोन्ही सोडलं, आणि रोज संध्याकाळी देवाला नुसता दिवस सांगायला लागला. गाय व्याली, विहिरीचा दोर तुटला, आज दोघंच उपासनेला आले. देव त्यामुळे बोलायला लागला असं नाही, असंही त्यानं लिहिलं होतं. पण बोलणं बंद पडलं नाही.

एवढंच होतं. मी दोनदा वाचलं. मोटरमन कधी गेला मला कळलं नाही.

"मिळालं?" चीफनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पण उत्तर नाहीये."

"नाहीच आहे," ते म्हणाले. खूश दिसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन मिक्सरला टेकवून उभा केला. पंखा दिसला. जिभेवर आलं होतं, शाळेत गेलीस का. मी ते गिळलं. मग म्हटलं, "आज आमची लिफ्ट बंद पडली. दुधाच्या पिशव्या घेऊन जिन्यानं चढले. साहेबांची मुलगी म्हणाली, मावशी, यू लुक लाइक टोमॅटो." पंखा. "आज ताईंनी पुरणपोळी करायला घेतली, चिकटली सगळी. मी काही बोलले नाही, त्याच हसल्या." पंखा. सांगायला काही उरलं नाही तेव्हा मी फर्मा काढला आणि वाचू लागले. बोट धरून, अडखळत. मला लाज वाटत होती. नववीतल्या पोरीसमोर आठवीतली आई दोन दोनदा एकेक शब्द फोडत होती. पण वाचलं. रोज वाचलं. परीक्षा आली आणि गेली. तिनं दिली, असं बहिणीनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पुढे दहावीला जाणार का, तेही विचारलं नाही. जीभ चावत होते, पण नाही.

तो फर्मा संपला तो दिवस मला आठवतो, कारण तोही अर्ध्या वाक्यावर संपला. उपदेशक पुरात अडकलेल्या एका गावाला निघाला होता, नदी चढलेली, नावाडी नाही म्हणतोय, आणि पान खलास. मी थांबले. फर्मा मिटला. म्हटलं, "बरं, ठेवते मग."

पंखा हलला. म्हणजे फोन हलला. "मग?"

मला वाटलं बहीणच.

"मग काय झालं? गेला का तो?"

"माहीत नाही," मी म्हटलं. आवाज सरळ ठेवायला ओट्याची कड धरली होती. "पुढचं काकांकडे आहे. रविवारी मिळेल."

"रविवार लांब आहे," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मी चीफना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत फेऱ्या मारत होते. थांबले नाहीत. "तिनं विचारलं, की तू विचारायला लावलंस?" "तिनं." ते आणखी एक फेरी मारून आले, घरात गेले, पुढचे सगळे फर्मे उचलले आणि माझ्या हातात कोंबले. "तू वाचू नकोस आता. तिला पाठव. ती वाचू दे, तू ऐक." मग भिंतीकडे तोंड करून, त्यांच्या समजुतीप्रमाणे मनात, म्हणाले, "प्रभू, या पोरीला सोडू नकोस. नुसता दिवस सांगायला पाहिजे होता, मी मागतोय. क्षमा कर." शेजारच्या आजीनं भाजी निवडायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी येत नाही. तरी तिला काहीतरी कळलं असावं.

मुंबईला जाणाऱ्या एका खलाशाबरोबर फर्मे गेले, तिथून पोस्टानं श्रीरामपूरला. चीफही आता इथे नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला, पुतण्या येऊन नगरला घेऊन गेला. पुस्तकं मंडळीच्या कपाटात ठेवून गेले, गठ्ठ्यांनी. कुणी मागितलं की पाळकसाहेब काढून देतात, आणि विचारतात, कुठे अडलात. त्यांना तो आवाज जमत नाही.

श्रीरामपूरला संध्याकाळ होते तेव्हा मी पोळ्या लाटत असते. मुलगी वाचते. फार भराभर वाचते, मला सांगावं लागतं, हळू. नावाडी तयार झाला की नाही, ते तिनंच मला वाचून दाखवलं. मी दिवस सांगते, कधी कधी तीही सांगते. मांजर व्यालं, मावशीनं चष्मा मोडला. शाळेचं नाव मात्र दोघी काढत नव्हतो. जून आला. मला कॅलेंडरकडे बघवत नव्हतं. शाळा त्या आठवड्यात उघडणार हे मला माहीत होतं, कुठल्या वारी ते मी कुणालाच विचारलं नाही. पोळ्या वाकड्या होत होत्या.

त्या संध्याकाळी तिनं वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या ओळीला थांबली.

"मम्मी, एक मिनिट थांब हं. उद्याचं दप्तर भरायचं राहिलंय."

मी गॅस बारीक केला आणि थांबले.